जोड्यांपाशी शिकलेली बाराखडी

"मले शाळा लय आवडे."

स्पीकरमधून माझ्या आईचा आवाज आला. परदेशातलं आमचं उपनगर केलीव्हिल, तिथल्या प्राथमिक शाळेचा हॉल, रविवारची दुपार, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. बायका पैठण्या नेसून, पुरुष कुर्ते घालून. पडद्यावर आईचा फोटो. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. वाईट नाही, प्रेमानंच हसलं. असल्या प्रेमळ हसण्याशी माझी जुनी ओळख आहे.

"गुरुजी शिकवत, ते मी सारं आयको. बाराखडी शिकली. गुरुजी म्हनत, बरोबर हाय. चवथी पास झाली."

आणि टाळ्या.

माझ्या पुढे बसलेली बाई शेजारणीला म्हणाली, "कित्ती गोड ना!" तोवर पडद्यावर दुसऱ्या कोणाची आजी आली होती. तिच्या शाळेत वडाचं झाड होतं आणि झाडाखाली बाई गाणी शिकवत. टाळीसाठी उचललेले माझे हात मात्र तसेच मांडीवर उतरले. ऐकलेला शब्द न् शब्द माझ्या आईचा होता. पण आईनं हे सांगितलंच नव्हतं.

शेजारी माझी मुलगी, मैत्री. नऊ वर्षांची. त्या दिवसासाठी मुद्दाम आणलेलं परकर-पोलकं घातलेलं. तिनं माझी ओढणी ओढली.

"ममा, दे कट आजी."

आजीला कापलं. नऊ वर्षांच्या पोरीला कळलं. बाकी हॉलला कळलं नाही.

मराठी शाळा आमच्याकडे दर रविवारी भरते. सरकारी शाळेचे वर्ग त्या दिवशी मोकळे असतात, तिथं वेगवेगळ्या भाषांचे वर्ग चालतात. कॉरिडॉरच्या या बाजूला आम्ही, समोर अरबी, टोकाला तमिळ. मराठीचं सगळं मंजिरीताई बघतात. आठवडाभर ऑफिस करून रविवारी लोकांची पोरं सांभाळायची, दिवाळीला त्यांच्याकडून आकाशकंदील करून घ्यायचे, हे सोपं नाही. फार मनापासून करतात. बाई वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

मी मैत्रीला तिथं घातलं ते आईसाठी. आई अकोल्याजवळ आमच्या गावी असते, माझ्या भावाकडे. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मैत्रीला मराठी आली नाही तर या दोघी स्क्रीनवर एकमेकींकडे बघून हसणार, हात हलवणार, संपलं. आजी-नातीचं नातं हात हलवण्यावर येऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

पहिल्याच रविवारी चौकशी झाली. "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. "अच्छा. म्हणजे मूळचे कुठले?" अकोल्याकडचे. "हो का!" आणि मग ते थांबणं. अर्ध्या क्षणाचं असतं, पण ज्याला माहीत आहे त्याला पुरतं. आम्ही बौद्ध. त्याआधी गावात आम्हाला काय म्हणत ते मी इथं लिहीत नाही, वाचणाऱ्याला ठाऊक आहे. विमानतळावर बॅगेचं वजन करतात. लोक हे थांबणं बरोबर घेऊन येतात, त्याचं वजन कोणी करत नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनाचा विषय होता 'आजीची शाळा'. मुलांनी व्हिडिओ कॉलवर आजीला मराठीत विचारायचं, "आजी, तुझी शाळा कशी होती?" आणि उत्तर रेकॉर्ड करून आणायचं. कल्पना मंजिरीताईंचीच. चांगली होती. मैत्रीनं आठवडाभर तो एक प्रश्न घोळवला. आंघोळ करताना, दात घासताना. तिकडे आईनं कपाटातलं ठेवणीतलं लुगडं काढलं. भावाचा फोन डब्याला टेकवून ती त्याच्यासमोर कोर्टात साक्षीला आल्यासारखी बसली.

मैत्रीनं विचारलं. आई बोलली. जे बोलली ते असं:

"मले शाळा लय आवडे. गुरुजी शिकवत, ते मी सारं बाहेरून आयको. आमाले आतमधी बसू देत नव्हते. दाराच्या बाहेर, पोरायच्या जोड्यापाशी बसाचं. तठी बसून मी बाराखडी शिकली. पाटी दाखवाची असंल तं खाली ठेवाची अन् मांगं सरकाचं. मंग गुरुजी दुरून पाहत, म्हनत, बरोबर हाय. शाळा सुटाच्या आधी साऱ्यायचे जोडे सरळ लावाचे, ते माहं काम. माहे हात जोड्याले चालत, पाटीले नाही चालत. पन मी शाळा सोडली नाही. चवथी पास झाली."

देश स्वतंत्र होऊन वर्षं झाली होती. कायदा झाला होता. कायदा वर्गात बसला होता आणि माझी आई बाहेर.

मैत्रीला सगळं लागलीच समजलं नाही. मी एकेक वाक्य सांगितलं. तिनं ते पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. "शी सॅट विथ द शूज?" हो. "अँड शी स्टिल लर्न्ट?" हो. पोरगी हरखून गेली. तिच्या वर्गातल्या मैत्रिणींना तिनं फोन करून सांगितलं की माझी आजी दाराबाहेर बसून शिकली, बघाच तुम्ही. तिच्या लेखी तिची आजी त्या संमेलनातली सगळ्यात भारी आजी होती.

आणि हॉलमध्ये काय लागलं ते मी सांगितलंच.

कार्यक्रम संपल्यावर मी मंजिरीताईंना चहाच्या टेबलापाशी गाठलं. "ताई, माझ्या आईचं बोलणं तुम्ही कापलंत?"

"अगं, वेळ! प्रत्येकाला किती देणार?" त्या हसल्या. वडाच्या झाडाला मात्र भरपूर वेळ मिळाला होता. मग त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू? मुलांसमोर ते फार डार्क झालं असतं गं. इथं आपण सगळे फक्त मराठी. तिकडचं तिकडे राहू दे ना." आणि पुढे, शाबासकीची वाट बघावी तशा, "पण मी जोडलंय किती छान बघ. कळतसुद्धा नाही."

कळतसुद्धा नाही.

त्यांनी माझ्या हातात कागदी प्लेट दिली. "मैत्रीला वडा दे, गरम आहे."

गाडीत माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे. दर रविवारी हीच तोंडं बघायची आहेत आपल्याला." तो वाईट बोलला नाही, दमलेला बोलला. त्याच्या ऑफिसातही असली तोंडं आहेत.

मागच्या सीटवरून मैत्रीनं विचारलं, "ममा, डिड आजी डू समथिंग बॅड?"

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजला, तरी नवऱ्यानं गाडी हलवली नाही. मी मागं वळून म्हटलं, "नाही. आजीनं काहीच वाईट केलं नाही."

"देन व्हाय डिड दे हाइड इट?"

या प्रश्नाचं उत्तर मला मराठीत येतं, हिंदीत येतं, इंग्रजीत येतं. नऊ वर्षांच्या पोरीला ते कुठल्या भाषेत सांगायचं? माझ्या आईनं साठ-पासष्ट वर्षं जे सोसलं त्याची लाज सोसायला लावणाऱ्याला वाटायला हवी होती. ती येऊन बसली माझ्या पोरीच्या मांडीवर. मला रडू आलं ते याचं.

त्या दिवसापासून मैत्री मराठी बोलायची थांबली. रुसली नाही, भांडली नाही. थांबली. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आईचा फोन आला की "हाय आजी" म्हणायची आणि खोलीत जायची. आई रिकाम्या स्क्रीनकडे बघत विचारायची, "पोरगी काहून बोलत नाही वं? माहं काही चुकलं काय?"

एका संध्याकाळी मी मैत्रीला जवळ घेऊन विचारलं. ती उशीच्या अभ्र्याशी चाळा करत होती. मग म्हणाली, "इफ आय टॉक लाइक आजी, दे लाफ. इफ आय से व्हॉट आजी सेड, दे कट."

शाळेनं शिकवलेलं तिला पक्कं आलं होतं. पैकीच्या पैकी.

मलाही ते असंच शिकवलं होतं. पुण्याच्या हॉस्टेलवर मुली मला कोंडाळं करून म्हणायच्या, "म्हण ना, ते 'काहून' म्हण ना परत." मी म्हटलं की खिदळायच्या, गाल ओढायच्या. पोपटाला मिरची देतात तसं मला चॉकलेट द्यायच्या. मी पहिल्या परीक्षेच्या आत माझी बोली बंद केली. कोणाला पत्ता लागणार नाही अशी पुणेरी शिकले. ती मला वीस वर्षं पुरली. माझी पोरगी तर इथं जन्मली, तिला ना पुणं माहीत ना अकोला. तिच्यावर ही पाळी कशाला यावी?

पुढच्या रविवारी आम्ही गेलो, पण मैत्री वर्गात जाईना. आम्ही कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. उकाडा होता. समोरच्या अरबी वर्गाचं दार उघडं होतं.

तो वर्ग हनान घेते. इराकची आहे, एका औषधांच्या दुकानात काम करते. चहाच्या किटलीपाशी आमची ओळख झाली. बोलतो इंग्रजीत, तिचं तिच्या चालीचं, माझं माझ्या.

तिच्या वर्गात फळ्यासमोर एक खुर्ची होती. खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ, काळे, उंच, पायघोळ पांढरा झगा घातलेले. मुलं खाली गालिच्यावर. आजोबा बोलत होते. मला अरबी येत नाही, पण हे पुस्तकातलं बोलणं नाही एवढं कोणालाही कळलं असतं. बोलता बोलता ते थांबले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला वाटलं, आता हनान उठेल, पाणी देईल, टाळ्या वाजवायला सांगेल, विषय बदलेल. ती उठली नाही. मुलंही गप्प. एक पोरगी नखं खात बसली होती, ती खातच राहिली. मग आजोबांनी झग्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि राहिलेलं सांगून संपवलं. त्यानंतर हनाननं फळ्यावर शब्द लिहिले. आजोबांच्याच बोलण्यातले. मुलं ते वाचायला लागली.

मैत्री टक लावून बघत होती. "डिडन्ट शी स्टॉप हिम?" तिनं मला विचारलं.

"नाही थांबवलं."

मधल्या सुट्टीत मी हनानला विचारलं, ते काय सांगत होते. ती म्हणाली, सुदानचे आहेत, देश सोडून पळताना त्यांचा भाऊ वाटेतच गेला ते सांगत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "पण मुलं लहान आहेत ना?" वाक्य माझं नव्हतं. मंजिरीताईंचं होतं. ते माझ्या तोंडात कधी येऊन बसलं कोण जाणे.

हनान म्हणाली, "आधी मीही नुसती फळांची नावं शिकवायची. सफरचंद, संत्रं, द्राक्ष. वर्षभरात अर्धी मुलं निघून गेली. सफरचंद त्यांना इंग्रजीतही येत होतं. आता दर रविवारी कोणाच्या तरी घरचं म्हातारं माणूस आधी बोलतं. जसं बोलतं तसं. मध्ये कोणी बोलायचं नाही, सुधारायचं नाही. पुस्तक त्यानंतर."

"आणि पालक?"

ती हसली, पण कोरडं. "आमच्यात काय सगळे साधुसंत आहेत? या आजोबांना पहिल्यांदा बसवलं तेव्हा दोन घरांतून फोन आले. या काळ्या माणसाला खुर्चीवर कशाला बसवलंस? आमची मुलं त्याची अरबी शिकणार का?"

"मग तू काय केलंस?"

"पुढच्या रविवारी पुन्हा त्यांनाच बसवलं."

एवढं बोलून ती कप विसळायला गेली.

त्याच दुपारी आईचा फोन आला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी वाजत होती. इतके दिवस ती विचारत होती, मी टाळत होते. तिनं पुन्हा विचारलं, "लोकायनं आयकलं काय वं माहं?"

"आई, त्यांनी कापलं."

ती उठून कुकर बंद करून आली. मग म्हणाली, "काय कापलं? जोडे कापले?"

"हो."

"हं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी बी कापलंच होतं, बाई."

मला कळेना.

"दूर देशातले लेकरं आयकतीन, म्हनून मी कमी सांगतलं. अर्धंच सांगतलं. त्यायले ते अर्धं बी जड झालं काय? मंग आता पुरं सांगतो. लाव तुहं मशीन."

मी रेकॉर्डिंग लावलं.

"शाळा तपासाले साहेब येनार होता. गुरुजी मले म्हने, उद्या येऊ नको. मी गेली. जोड्यापाशी बसली, रोजच्यावानी. साहेब आला. त्यानं माह्यापाशीच जोडे काढले. म्हने, ही पोरगी कोन? गुरुजी म्हने, जोडे राखनारी हाय, साहेब. मी विद्यार्थी होती वं! माहं नाव होतं शाळेत. माह्या बापानं घातलं होतं. मले लय राग आला. मी उभी राहली अन् मोठ्यानं बाराखडी म्हनाले लागली. क का कि की. साऱ्या अक्षरायची. आत साहेब, आत गुरुजी, मी दारात. साहेबानं मान वर केली नाही. पन मी थांबली नाही. सारी म्हनली. साहेब गेल्यावर गुरुजीनं छडी घेतली. हातावर नाही मारलं. तोंडावर मारलं. तोंडानं म्हनली होती ना."

आई स्क्रीनच्या जवळ आली. वरच्या ओठावर बोट ठेवलं. तिथं एक पांढरी रेघ आहे. मी जन्मापासून बघत आले. लहानपणी त्या रेघेवरून बोट फिरवत मी तिच्या कुशीत झोपायची.

"हे तर तू विहिरीपाशी पडली होतीस," मी म्हटलं.

"पडली म्हनून सांगतलं. तुमाले शाळेत धाडाचं होतं. शाळेत तोंडावर मारते म्हनली असती, तं तुमी गेले असते काय?"

मी फोन धरून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. चाळिशीची बाई, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट देणारी, आणि मला माझ्या आईच्या तोंडावरची खूण वाचता आली नव्हती. आम्ही शिकावं म्हणून तिनं स्वतःलाच कापलं होतं. आम्ही शिकलो, विमानात बसून या देशात आलो. आणि इथं एक बाई मला म्हणते, तिकडचं तिकडे राहू दे.

दारात मैत्री उभी होती. केव्हापासून, माहीत नाही. ती जवळ आली, स्क्रीनवरच्या आजीच्या ओठाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "आस्क हर. डिड इट हर्ट?"

"आई, ती विचारते, दुखलं का?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. "सांग तिले. दुखलं."

त्याच आठवड्यात मंजिरीताईंचा मेसेज आला. 'आजीची शाळा' सगळ्यांना खूप आवडली, ती आता शाळेच्या पेजवर टाकतोय, काही हरकत नाही ना? खाली एक हसरा चेहरा.

रविवारी मी मैत्रीला घेऊन गेले. आईबाप मुलांना सोडायला आलेले, वर्गाच्या दारात गर्दी. बाजूला घेऊन बोलता आलं असतं. मी बाजूला घेतलं नाही.

"ताई, माझी हरकत आहे. टाकायचं तर पूर्ण टाका."

"अगं, आपण बोललो ना यावर?"

"तुम्ही बोललात. मी वडा घेतला आणि गेले. आज मी बोलतेय. आईचं बोलणं पूर्ण लावा, नाहीतर काढून टाका."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. "मुलं किती लहान आहेत बघ ना. सात-आठ वर्षांची. हे ऐकायचं वय आहे का?"

"माझी आई सात वर्षांची होती."

एका बाईनं आपल्या मुलाला खांद्याला धरून आत ढकललं.

मंजिरीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू हे फार मनाला लावून घेतेयस. आमच्या मनात असलं काही येतसुद्धा नाही गं. तुमच्याच मनात अजून असतं."

"तुमच्या मनात कसं येईल, ताई? जोडे तुमचे होते."

हे मी ओरडून म्हटलं नाही. आवाज माझा मलाच परका वाटला. मग ध्यानात आलं, पुणेरी सुटली होती. हेल आईचा होता.

मी तिथंच उभी राहिले. त्यांनी फोन काढला, क्लिप काढून टाकली, मला दाखवली. मी मैत्रीचं नाव शाळेतून काढून घेतलं आणि निघाले. पाठीमागे कोणीतरी म्हणालं, "प्रत्येक गोष्टीत हेच आणतात." कोण, ते वळून बघितलं नाही.

पार्किंगमध्ये एक बाई घाईनं आली. दर रविवारी दिसायची, कधी फारशी बोलली नव्हती. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग माझा हात दाबून अगदी हळू म्हणाली, "जयभीम, ताई. बरं केलंत." मला माहीतच नव्हतं. इतके रविवार आम्ही एका बाकावर बसलो होतो. मी काही म्हणायच्या आत ती परत फिरली, आपल्या मुलाला वर्गात सोडायला. तिचा मुलगा अजून तिथंच जातो. मला तिचा राग येत नाही. तिच्यासाठी जीव तुटतो.

आता हनानच्या ओळखीनं त्याच इमारतीत एक लहान खोली मिळाली आहे, स्टाफरूमला लागून. माझ्या वर्गात तीन मुलं आहेत. त्यातली एक माझीच. ती दारापाशी बसते, वहीत चित्रं काढते, विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही, कारण झालेलं नाही. मैत्री मराठी बोलत नाही. बोलेल की नाही, मला माहीत नाही. दोन पालकांनी कळवलं आहे की भाषेपुरतं ठेवा, आमची मुलं पाठवू. माझा नवरा खुर्च्या मांडायला येतो, पण त्याच्या कपाळावरची आठी जात नाही. तिकडे आईला कानानं कमी ऐकू यायला लागलंय. मुलांचा प्रश्न तिला दोनदा सांगावा लागतो. ती किती दिवस बोलू शकेल, तेही माझ्या हातात नाही.

माझ्या हातात आहे तेवढं मी ठरवलंय. या वर्गात जोडे ज्याचे त्यानं ठेवायचे. दुसऱ्याच्या जोड्याला कोणी हात लावायचा नाही. आजी बोलेल तसं ऐकायचं, संपेपर्यंत ऐकायचं, हसू आलं तर का आलं ते सांगायचं. माझ्या पोरीला आईची भाषा मिळेल तर ओठावरच्या रेघेसकट मिळेल. गोड तेवढं वेचून दिलेली मराठी मला तिच्या तोंडात नको. त्यापेक्षा ती गप्प राहिली तरी चालेल. मी वाट बघीन.

पहिल्या रविवारी मी फळ्यासमोर खुर्ची ठेवली, खुर्चीवर टॅबलेट ठेवला, आणि आईला पूर्ण बोलू दिलं. त्या संध्याकाळी एक मूल कमी झालं. चार होती, तीन राहिली.

पुढच्या रविवारी पुन्हा तिलाच बसवलं. येत्या रविवारीही तिलाच बसवणार आहे. खुर्चीवर. दाराच्या आत.